तपासणीपुरता राग

आमच्या कारखान्यात ताण घालवायचे मऊ चेंडू बनतात. मुठीत धरून दाबला की राग उतरतो म्हणे. खरंच उतरतो का, हे तपासायचं काम माझं. म्हणजे मला रोज सकाळी आधी तापावं लागतं, आणि त्यासाठी साहेबांनी खास माझ्या मेहुण्याला पगारावर ठेवलंय. तो चहा भुरके मारत पितो आणि मला संसार कसा करावा ते शिकवतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, मी चेंडू दाबतो, शांत होतो, माल पास.

परवा मात्र तो तासभर बडबडला, आणि मला ढिम्म काही वाटेना. उलट त्याची कीवच आली.

साहेबांनी बोलावलं. "तुम्ही कामातून गेलात हो. उद्यापासून येऊ नका. तुमच्या जागी मेहुण्याला घेतोय."

माझं डोकं असं सणकलं की हाताला लागला तो चेंडू उचलून मी करकचून दाबला.

"बरं साहेब," मी म्हणालो, "जशी तुमची मर्जी."

साहेबांनी माझ्या हातातला चेंडू घेतला आणि त्यावर पासचा शिक्का मारला.