वेळेवर झालेला पूल

युरोपातला एक छोटा देश माझ्या वाट्याला आला आहे. त्याचं नाव सांगायला मनाई आहे, तशी आमच्याकडून सही घेतलीय. एवढंच सांगते, की तिथली सगळी माणसं उचलून आपल्या नाशकात आणली तर जेमतेम दुसरं नाशिक होईल. इंदिरानगरातल्या एका ऑफिसात बसून मी दर सहा महिन्यांनी त्या देशाचं भविष्य लिहिते. कुठला रस्ता होणार, कुठला बोगदा रखडणार, बांधकामात पैसा येणार की आटणार. ऑफिसात याला आउटलुक म्हणतात. माझे वडील, अण्णा, याला पंचांग म्हणतात.

मी तो देश पाहिलेला नाही आणि आता पाहायची हौसही उरलेली नाही. रोज सकाळी नाशिकरोडहून निघायचं, द्वारकेच्या चौकात गाडी बंद करून उभं राहायचं, कुंभमेळ्यासाठी खणून ठेवलेल्या रस्त्यांची धूळ खायची आणि ऑफिसात पोचल्यावर परक्यांच्या गुळगुळीत रस्त्यांची काळजी करायची. अशी बारा वर्षं गेली. कंटाळा आला म्हणायचाही आता कंटाळा येतो.

मे महिन्यात गौरांगने मला केबिनमध्ये बोलावलं. गौरांग म्हणजे माझा साहेब, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्या देशातल्या एका पुलाला दीड वर्ष उशीर होईल, असं मी अहवालात लिहिलं होतं. पूल जाहीर केलेल्या दिवशीच सुरू झाला होता. क्लायंटने फोटोच पाठवले होते. पुलावर सायकली, पोरंबाळं, फुगे.

"मॅडम, दीड वर्ष कशाच्या आधारावर लिहिलं? त्यांना लेखी कारण हवंय."

काय सांगणार? सरकारने तारीख दिली की तिच्यात दीड-दोन वर्षं मिळवायची, हे हाताला वळणच पडलंय. आमटीत मीठ घालावं तशी ती मी मिळवली होती. माहिती बघितलीच नव्हती.

"देते लिहून," म्हटलं आणि बाहेर आले. पण बाहेर आल्यावर डोक्यात तो पूल राहिला नाही. मला मैनाआत्या आठवली.

मैनाआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. निफाडकडे कडवा नदीच्या पल्याड, मळ्यात एकटी राहायची. नदीवर ये-जा करायला फक्त बुटकी फरशी होती, पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची आणि पलीकडची माणसं अडकून पडायची. मागच्या पावसाळ्यात आत्या तापाने फणफणली होती आणि अण्णा दोन दिवस ऐलतीरावर नुसते उभे होते. तेव्हापासून त्यांचा धोशा होता, अक्काला नाशकात आणायचं. आत्या ऐकेना. तिची एक गाय होती, कपिली. "हिला तुमच्या दुसऱ्या मजल्यावर बांधू का?" असं विचारून ती सगळ्यांची तोंडं बंद करायची.

मग फरशीशेजारी पुलाचं काम निघालं. फलकावर लिहिलं होतं, पावसाळ्यापूर्वी पूर्ण होईल. जानेवारीत आम्ही भेटायला गेलो, तेव्हा नदीत नुसते खांब उभे होते. आत्याने मला ओट्यावर शेजारी बसवून घेतलं.

"उज्वले, तू तिकडं परदेशातल्या पुलांचं सांगती म्हणं. मंग ह्याचं सांग. पावसाच्या आत होतोय का? होत आसंल तर मी हितंच ऱ्हाते. नसंल होत तर येते बाई तुमच्याकडं. बाळ्याला लय तरास झाला माझ्यापायी."

बाळ्या म्हणजे अण्णा. वय वर्षं त्र्याहत्तर.

मी खांबांकडे एकदा पाहिलं. पुरतं पाहिलंसुद्धा नाही. "नाही होणार, आत्या. अजून दोन पावसाळे तरी धर."

"नक्की?"

"नक्की."

तिने मान हलवली आणि चहा टाकायला उठली.

गौरांगने बोलावलं त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही ठरल्याप्रमाणे आत्याला आणायला गेलो, तर पूल झालेला. खरोखर झालेला. कठड्यांना रंग लागला होता, वरून डांबर झालं होतं. फीत कापायला पाहुण्यांची तारीख मिळेना म्हणून तोंडाशी पिंपं आडवी लावून ठेवली होती, एवढंच. अण्णांनी गाडीची काच खाली केली. पुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आम्ही खालच्या फरशीवरून पलीकडे गेलो.

आत्या नेसून तयार होती. ओट्यावर एक पेटी, एक गाठोडं. गोठा झाडून स्वच्छ केलेला आणि रिकामा.

"कपिली कुठंय?" अण्णांनी विचारलं.

"कलाबाईला दिली. अक्षय्यतृतीयेला. हळदकुंकू वाहिलं अन् दाव्यासकट दिली."

शेजारची कलाबाई कुंपणाशीच उभी होती. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "आत्या, घेऊन जावा तुमची गाय. पूल झाला आता, कशाला जाता? मी काय नाय म्हनत."

माझ्या जिवात जीव आला. "हो आत्या, राहा ना! आता पावसाची काळजी नाही. अण्णा कधीही गाडी घेऊन येतील."

आत्या माझ्याकडे बघून हसली. लहान पोराने काहीतरी वेडंवाकडं विचारलं की हसतात तशी.

"दिलेली गाय माघारी आनत्यात का कुठं? हळदकुंकू वाहिलंय मी तिला." मग गोठ्याकडे बघत म्हणाली, "अन् ती नाय तर पहाटं उठून मी करू काय?"

मला रडू आलं. राग आला. कंत्राटदाराचाही आला, की बाबा, आयुष्यात एकदा वेळेवर काम केलंस ते नेमकं हेच का? पण खरा राग कोणाचा होता, ते मला माहीत होतं.

आत्याने घराला कुलूप लावलं, किल्ली कलाबाईकडे दिली. मग गाडीकडे न येता पुलाकडे चालू लागली. "येवढी वर्सं वाट पाह्यली याची. जाताना तरी पाय लावते," म्हणाली. पुलावरच्या वॉचमनने आधी मान हलवली. मग तिच्याकडे पाहून एक पिंप बाजूला सरकवलं. आत्या कठड्याला हात लावत, मधे थांबून खाली पाणी बघत, पूल ओलांडून गेली. मी मागून तिचं गाठोडं घेऊन चालले होते. अण्णा फरशीवरून गाडी घेऊन आले.

आता ती आमच्या बाहेरच्या खोलीत असते. पहाटे उठते आणि कॉटवर बसून राहते.

परवा संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन क्लायंटचं ते लेखी कारण लिहायला बसले. गौरांगने सुचवलं होतं, मजुरांच्या टंचाईचा धोका गृहीत धरला असं लिहा. आत्याने विचारलं, काय लिहिते गं? मी सांगितलं. तिकडे एक पूल झाला, मी होणार नाही म्हटलं होतं, तो वेळेवर झाला.

"त्या पुलापल्याड कोनी म्हातारी ऱ्हात आसंल?"

"असेल की."

"तिनं तुला इचारलं नाय, ते बरं झालं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.