‘राइट’ म्हणजे कुठला?

मी एक जुना इंग्रजी-स्वीडिश शब्दकोश आहे. रायगडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीतल्या महिपतच्या ताक-पिठल्याच्या टपरीत फळीवर पडून असतो. माझी शिवण उसवली आहे. मित्रांनो, आता फार बोलवत नाही, पण एवढं सांगतो.

स्वीडनमधल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. बिर्गिता नावाच्या मुलीने मला शाळेसाठी घेतलं. ती शिकली, नोकरी केली, म्हातारी झाली. मी तिच्या पिशवीतच राहिलो. नवऱ्याबरोबर ती रायगड पाहायला आली, तेव्हाही मी सोबत होतो.

एप्रिलचं ऊन पेटलं होतं. बिर्गिताबाई दमून रानवाटेच्या फाट्यावर बसल्या आणि नवरा फोटो काढायला एकटाच पुढे गेला. बराच वेळ झाला तरी तो परतेना. बाई धावत टपरीत आल्या. फोनला रेंज नव्हती.

महिपत वाटाड्या. घाईघाईत त्याने विचारलं, “लेफ्ट गेला? लेफ्ट?”

“राइट,” बाई म्हणाल्या.

“बरोबर म्हणतेय गो. डावीकडंच गेलाय,” असं लेकीला, श्रुतिकाला सांगून तो पळाला.

दीड तासाने तो घामाने निथळत परतला. “नाय गो, कुठंच नाय.”

भीतीने बाईंचं इंग्रजी आटलं होतं. त्या स्वीडिशमध्येच बोलत रडत होत्या. श्रुतिकाने त्यांच्या पिशवीतून मला काढलं आणि ‘राइट’ शब्द शोधला. खाली अर्थांची रांगच होती. ‘रेट्ट’ म्हणजे बरोबर, ‘रेट्टिगहेट’ म्हणजे हक्क... बाईंचं बोट एकेक ओलांडत ‘हेगेर’वर थांबलं. त्यांनी उजवा हात वर केला.

“बाबा, उजवीकडं गेलाय तो! तुम्ही उलटं गेलात!”

पाण्याचा घोटही न घेता, शेजारच्या सुनीलला घेऊन महिपत उजव्या वाटेने सुटला. करवंदीच्या जाळीशी म्हातारा सापडला. पाय मुरगळलेला, ओठ फुटलेले. हाक मारली तर फक्त पापणी हलली. चादरीची झोळी करून दोघांनी त्याला खाली आणलं, महाडला दवाखान्यात नेलं. तो वाचला. महिपत मात्र दवाखान्याच्या पायरीवर बसून श्रुतिकाला म्हणत राहिला, “माझ्या हातून माणूस गेला असता गो.”

जाताना बाईंनी मला श्रुतिकाच्या हाती दिलं. चार वर्षं तिने मला झिजवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांना कौतुकाने दाखवलं. मग ती मुंबईला हॉटेलात नोकरीला लागली. शब्द विचारायला आता तिच्याकडे मोबाइल आहे. मी पावसाळ्यांत फुगलो, मला वाळवी लागली. गेल्या महिन्यात कुणीतरी भजी बांधायला माझी चार पानं फाडली. महिपत ओरडला, “ठेव ते! त्याच्यानं माणसाचा जीव वाचलाय रे!” पण त्यालाही मला वाचता येत नाही.

मित्रांनो, एका शब्दाच्या पोटात पुष्कळ अर्थ असतात. समोरच्याला कुठला म्हणायचाय, ते पळण्याआधी विचारा. आणि घरात माझ्यासारखं एखादं पुस्तक असेल, तर ते नुसतं जपून ठेवू नका. हाताळा. वापरून फाटलो तर दुःख नाही. कुणी न उघडता कुजत राहणं, ते फार थकवतं.