सातवा ट्रॅक, फक्त वाद्ये

'टायडल क्लॉक' या अल्बमच्या नव्या डिलक्स आवृत्तीत, दुसऱ्या सीडीवर सातव्या ट्रॅकच्या जागी आमच्या मिरजेच्या श्रवणमंडळाची १९७६ सालची बैठक आहे. ती अजून संपलेली नाही. वेष्टनावर छापलंय, 'स्टुडिओतली तालीम, फक्त वाद्ये, ९ मिनिटे ४२ सेकंद.' बेचाळीस सेकंदांपाशी आकडा थांबतो. माणसं थांबत नाहीत.

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या जुन्या अल्बमांबरोबर हल्ली असे जादा ट्रॅक देतात आणि त्यांची नावं बऱ्याचदा चुकतात. मी छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली. चूक दिसली की कळवायची, एवढंच मला येतं. ही चूकही पहिल्याच दिवशी पत्राने कळवून बसलो. आधी पूर्ण ऐकायला हवं होतं.

बैठक दस्तगीरभाईंच्या सतारींच्या कारखान्यात भरायची. डोक्यावर दोरीला टांगलेले भोपळे, भिंतीला तारा न चढवलेल्या सतारी, खाली लाल-निळ्या पट्ट्यांची सतरंजी. तबकडी संपली की प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं. ते वहीत लिहिलं जायचं. शेवटच्या माणसाचं वाक्य होईपर्यंत कुणी उठायचं नाही, असा नियम होता. त्या दिवशी 'टायडल क्लॉक'चीच तबकडी लावली होती आणि शेवटचा मी होतो. ते संगीत ऐकताना माझ्या छातीत जे काही मोठं झालं, ते सांगायला मला वाक्य सापडेना. चुकीचं बोलण्यापेक्षा पाणी पिऊन येतो म्हणालो आणि सायकल काढून घरी आलो. पुन्हा तिकडे फिरकलो नाही.

ते तेरा जण अजून बसून आहेत. दस्तगीरभाईंच्या मातीला मी स्वतः गेलो होतो, पण ट्रॅकवरचा खोकला त्यांचाच आहे. प्रमिला कित्तूर नर्स होत्या. माझी सहाची ड्युटी आहे हो, असं त्या दर थोड्या वेळाने म्हणतात. आठल्ये विहीर खणून पाणी पिणार दिसतंय, असं कुणीतरी माझ्याबद्दल म्हणतं. हसतात. मग वाट बघणं सुरू होतं. इतकी स्वच्छ शांतता मी दुसऱ्या कुठल्या ध्वनिमुद्रणात ऐकलेली नाही.

ट्रॅक एकदा लावला की स्पीकरखालून सतरंजी वीतभर बाहेर येते. पाचव्या वेळी ती कपाटापर्यंत आली. कपाट मागे सरकलं. खोली त्या दिशेने लांबली.

कंपनीच्या मुंबई कार्यालयातून फोन आला. आवाज मुलीचा होता.

"काका, लेबलवर काय छापलंय?"

"फक्त वाद्ये."

"मग माणसं नसायला हवीत."

"आहेत. तेरा."

"लेबलं छापून झाली आहेत, काका. ट्रॅकच लेबलाप्रमाणे करून पाठवतोय. गुरुवारी चारला कुरियर येईल, जुनी सीडी त्याच्याकडे द्या."

"त्या माणसांचं काय?"

"ती काढली जातील."

काढून कुठे ठेवणार, असं मी विचारलं. ते आमच्या विभागाकडे नसतं, असं ती शांतपणे म्हणाली.

म्हणजे गुरुवारी चारच्या आत मला माझं वाक्य बोलायचं होतं, नाहीतर ते कधीच उठू शकणार नव्हते. तीन दिवस मी लिहीत होतो. एक पान झालं. मुद्रित तपासतो तसं लाल शाईने तपासलं, तेव्हा दोन ओळी उरल्या. गुरुवारी दुपारी तीन शब्द उरले. त्यांतल्या एकाबद्दल मला अजूनही खात्री नव्हती.

साडेतीनला ट्रॅक लावला. सतरंजी माझ्या पायांखाली आली आणि पुढे जात राहिली. दाराकडची भिंत सायकलवरून पोचावं इतकी लांब गेली. वर भोपळे दिसू लागले, ओळीमागून ओळी, आमच्या वेळी होते त्यापेक्षा कितीतरी जास्त. ओल्या लाकडाचा आणि लाखेचा वास आला. ते सगळे वळले. माझे पांढरे केस कुणाच्या लक्षात आले नाहीत.

"या, आठल्ये," दस्तगीरभाई म्हणाले. "पाणी गोड होतं का?"

माझी जागा मोकळी होती. बसलो तर ती अजून उबदार होती.

फार दूर बेल वाजली. मग पुन्हा वाजली. प्रमिलाबाईंनी हातातलं घड्याळ पाहिलं आणि पर्स मांडीवर घेतली, पण त्या उठल्या नाहीत. वहीवर पेन टेकलं.

"एकच वाक्य," दस्तगीरभाई म्हणाले. "ग्रंथ नको."

मी तोंड उघडलं. भिंतीवरच्या, तारा न चढवलेल्या सगळ्या सतारी एकदम वाजू लागल्या.