वगळलेली दोन वर्षं

रायपूरच्या गुढियारीत यज्ञेश्वर मोहरीलांनी १९५८ साली ढलाईचा कारखाना काढला, तेव्हा त्यात एक भट्टी आणि चार माणसं होती. राइस मिलची तुटकी चाकं नव्यानं ओतून द्यायची, एवढाच धंदा. पण माणूस मोठा हिकमती. चाकांवरून ते पाण्याच्या पंपांकडे वळले, पंपांवरून सिमेंटच्या पाइपांकडे, आणि रायपूर नव्या राज्याची राजधानी झाल्यावर त्यांचा मुलगा भार्गव याने सिलतऱ्याला लोखंडाचा मोठा प्लांट उभारला. आता पाटीवर ‘मोहरील समूह’ लिहिलेलं असे.

या सगळ्यात दोन वर्षं अशी होती, की कारखाना बुडायचाच बाकी होता. एकाहत्तरमध्ये लोखंडाचा उकळता रस उडून यज्ञेश्वरांचे डोळे भाजले. ते नागपूरला दवाखान्यात, पत्नी आदल्या वर्षीच गेलेली, घरात पाच वर्षांचा भार्गव. तेव्हा धाकटी बहीण सरोजिनी शाळेतली नोकरी सोडून भट्टीवर येऊन उभी राहिली. सत्तावीस वर्षांची बाई ढलाईत! मिलवाले हसले. बावीस वर्षांच्या नत्थू ओताऱ्याने मात्र तिला रेती मुठीत दाबून ओल ओळखायला शिकवलं, साचा कधी फुटतो ते दाखवलं. भाऊ परत आला तोवर कारखान्यात नऊ माणसं होती. सरोजिनीने चाव्या त्याच्या हातात दिल्या आणि भार्गवचा अभ्यास घ्यायला घरी बसली. लग्न राहून गेलं ते गेलंच.

दोन हजार आठ साली समूहाला पन्नास वर्षं व्हायची होती. यज्ञेश्वर जाऊन पाच वर्षं झाली होती. भार्गवने समूहाचा इतिहास छापायचं ठरवलं आणि चौबे कॉलनीत आत्याच्या घरी लेखक पाठवला. सरोजिनीबाई आठवडाभर बोलल्या. मसुद्यात त्यांच्यावर अकरा पानं झाली. भार्गव स्वतः ती पानं घेऊन आला आणि मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पानं बाजूला ठेवून तो म्हणाला, “आत्या, एक काम था. गुढियारी वाली ढलाई अब सिलतरा ले जा रहे हैं. छियालीस लोग हैं, साइन नहीं कर रहे. आप कह दोगी तो मान जाएँगे.”

“सगळ्याइले तिथं काम भेटन नं?”

“सबको. आपकी सौगंध.”

बाईंनी त्याने आणलेला करार वाचला. त्या वाचल्याशिवाय कशावरच बोलत नसत. तिसऱ्या पानावर एक ओळ होती : नव्या प्लांटच्या गरजेनुसार कामगार घेतले जातील.

“हे ओळ काहून टाकली?”

“वकील लोग लिखते हैं ऐसा. आपको मुझ पर भरोसा नहीं?”

पाच वर्षांचा असल्यापासून ज्याला जेवू घातलं, त्याला ‘नाही’ कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यात गेल्या. नत्थूने नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. “दीदी, ये काय लिखाय हे?” बाई म्हणाल्या, “ते कायदेवाल्याइचं राहते, नत्थू. मी जबाबदार.” नत्थूने सही केली. मग पंचेचाळीस जणांनी केली.

दीड महिन्यानं नत्थू दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

“नवा कारखाना के गेट म हमर नाव नइ हे, दीदी. ठेकेदार के आदमी मन भीतर जावत हें.”

“एकाचंही नाही?”

“एको झन के नहीं.” मग त्याने विचारलं, “तुमन वो कागज ल पढ़े रहेव का?”

वाचला होता, हे सांगायला बाईंची जीभ रेटेना. नत्थूला जे कळायचं ते कळलं. तो पायऱ्या उतरून गेला.

त्या तशाच रिक्षा करून समता कॉलनीतल्या ऑफिसात गेल्या. भार्गवने उठून खुर्ची दिली, चहा मागवला.

“छेचाळीस लोकाइची पोटं हायेत, भार्गव. माह्या शब्दावर सह्या केल्या त्याइनं.”

“गुढियारी की वो ज़मीन अब बाज़ार की ज़मीन है, आत्या. वहाँ भट्टी जलाने का ज़माना गया. और नए प्लांट में इस उमर के लोग चलेंगे नहीं.”

“तू मले खोटं बोलायले लावलं.”

“मैंने क्या छुपाया? लाइन लिखी थी. आपने पढ़ी थी.”

त्याचं खोटं त्यांना सोसलं असतं. पण तो खरं बोलत होता आणि तेच त्यांना झोंबलं. त्यांनी चहाला हात लावला नाही.

कामगारांनी श्रम कार्यालयात तक्रार केली, तेव्हा बाई न बोलावता साक्ष द्यायला गेल्या. कंपनीच्या माणसांसमोर त्यांनी सगळं सांगितलं : मालकानं शब्द दिला, मी तो पोचवला, ती ओळ मी पाहिली होती आणि ती फक्त नावापुरती आहे असं मीच सांगितलं.

कंपनीच्या वकिलाने पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं. गुळगुळीत पानं, वर यज्ञेश्वरांचा फोटो. समूहाचा इतिहास. पुस्तक छापून झालं, हे बाईंना तिथंच कळलं.

“साहब, पचास साल का पूरा इतिहास है. इसमें इनका नाम दिखा दीजिए. ये कंपनी की तरफ़ से बोलने वाली होती कौन हैं?”

अधिकाऱ्याने पुस्तक बाईंपुढे सरकवलं. त्यांनी एकाहत्तर साल उघडलं. ‘संस्थापकांच्या आजारपणातही त्यांच्या दूरदृष्टीमुळे उत्पादन थांबले नाही.’ अकरा पानांच्या जागी एक वाक्य. आपण भाजलेल्या हातांनी भावाला मनीऑर्डरी लिहीत होतो, त्या दोन वर्षांत ही दूरदृष्टी कुठं होती, असं त्यांना विचारावंसं वाटलं. पण विचारणार कोणाला? पुस्तक बंद करून त्या खाली बसल्या. पाठीमागच्या बाकावर कामगार बसले होते. महिनाभरात त्या माणसांपैकी कोणी त्यांच्याशी बोललेलं नव्हतं.

मग नत्थू उठला. त्याने शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं हजेरीकार्ड काढून टेबलावर ठेवलं. कडा झिजलेल्या, शाई तपकिरी पडलेली. १९७१ आणि १९७२. दर महिन्याच्या खाली, मालकाच्या जागी, एकच सही : स. मोहरील.

“किताब म नइ हे त का होइस, साहेब. दू साल ले इही हमर मालिक रहिस.”

अधिकाऱ्याने कार्ड दोनदा उलटून पाहिलं आणि बाईंची साक्ष नोंदवून घेतली.

प्रकरण चौदा महिने चाललं. शेवटी तडजोड झाली. सेहेचाळीसांपैकी एकतीस जणांना सिलतऱ्यात कामावर घेतलं. ज्यांची साठी उलटली होती त्यांना घेतलं नाही, आणि नत्थूची साठी सुनावण्या चालू असतानाच उलटली होती. गुढियारीची भट्टी पाडली गेली. भार्गव पुन्हा चौबे कॉलनीत आला नाही. दिवाळीला ड्रायव्हर मिठाईचा डबा घेऊन आला, तो बाईंनी दारातूनच परत पाठवला.

तडजोडीवर सह्या झाल्या त्या दिवशी बाई कार्यालयाच्या फाटकाशी नत्थूची वाट पाहत थांबल्या.

“तुहे उपकार मी विसरणार नाही, नत्थू.”

नत्थूने सायकलचं कुलूप काढलं. साक्ष खरी होती म्हणून दिली, हे सांगताना त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

“गवाही सच के रहिस, दीदी, ते पाय के देंव. माफी अलग बात आय.”

“हव,” बाई म्हणाल्या. आणखी काही बोलण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे त्यांना पटलं होतं. नत्थू सायकलवर बसून गेला. त्या उन्हातून चालत घराकडे निघाल्या.