तळ्याच्या उलट्या फेऱ्या

सिस्टर आणि मी अठरा वर्षं रोज सकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारत आलो. ती इस्पितळात परिचारिका, म्हणून सगळ्या गल्लीची सिस्टर. मी वाचनालयात, म्हणून तिच्या तोंडी मी 'पुस्तके'. उन्हाळ्यात आम्ही उजाडायच्या आत निघायचो, थंडीत जरा रेंगाळून. तिची मुलं, माझी सासू, दोघींचे गुडघे, सगळं त्या वाटेवर बोलून झालेलं.

मग निवडणूक आली. तिचा मुलगा एका पक्षाच्या कामाला लागला, आमच्या घरी दुसऱ्याचं पारडं जड. देशभर घराघरात भांडणं चालली होती, तशी आमचीही झाली. निकालाच्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात चहा पिता पिता मी म्हणून गेले, "तुम्हा लोकांमुळेच देशाचं वाटोळं होतंय."

मतांवरून आम्ही आधीही वाद घातले होते. पण अठरा वर्षांत मी तिला कधी 'तुम्ही लोक' म्हटलं नव्हतं. तिने माझा कप उचलला, अर्धा चहा तसाच असताना, आणि विसळायला घेतला. मी चपला घातल्या.

चालायची वेळ दोघींनीही बदलली नाही. बदलली तर हरल्यासारखं झालं असतं. तळ्याच्या फाटकातून ती डावीकडे वळायची, मी उजवीकडे. गोल तळ्याला उलट्या दिशांनी फिरलं की माणूस टाळता येत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. अर्ध्यावर पंपघराशी गाठ पडायची, पुन्हा फाटकाशी. रोज चारदा आम्ही एकमेकींच्या तोंडासमोरून पाण्याकडे बघत गेलो. पाऊस संपला, काठचं गवत पिवळं पडलं, तरी अबोला तसाच. ती बारीक झालीय हे मला दिसत होतं. विचारणार कशी?

थंडीत एका सकाळी धुकं इतकं होतं की पाणी कुठे सुरू होतं ते समजेना. दुसऱ्या फेरीत पंपघराशी ती भेटली, खाली मान घालून. मी फाटकाशी पोचले तेव्हा ती आलेली नव्हती. दम खात उभी राहिले. माझ्या फेऱ्या संपल्या होत्या, घरी हे डब्यासाठी खोळंबले होते. बाहेर पडून चार पावलं गेलेही. पण सिस्टर घड्याळ लावावं अशी चालणारी बाई. मी परत फिरले आणि ती यायची त्या बाजूने सुटले.

तळ्यात उतरायच्या पायऱ्यांवर ती बसली होती. एवढ्या थंडीत घामाने डबडबलेली, हात थरथरत होते. हातात चघळायची गोड गोळी होती, पण तिला वरचा कागद सोडवता येत नव्हता. "साखर उतरलीय," ती पुटपुटली. मी कागद दातांनी फाडला, गोळी तिच्या तोंडात घातली आणि पाठीला टेकू देऊन बसले. पर्समधल्या होत्या-नव्हत्या तेवढ्या बिस्किटांचा चुरा भरवला. थोड्या वेळाने तिचा रंग परतला.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"मी जाणारच होते घरी."

"गेली नसतीस."

मग मला रडू आलं. त्या दिवशी चहा पिताना बोलले ते चुकलं, असं मी एकदाचं म्हणून टाकलं. तिने ओठांवरचा चुरा पुसला. म्हणाली, तीही मागे घरी माझ्याबद्दल नाही नाही ते बोलली होती, मुलासमोर, आणि नंतर त्याचं तिला फार वाईट वाटलं. साखरेचा आजार उन्हाळ्यातच कळला होता. सांगायला यायचं तिच्या मनात तीनदा आलं, तिन्ही वेळा ती कोपऱ्यावरून माघारी गेली.

"माझं मत काही बदलणार नाही हं," तिने बजावलं.

"माझंही नाही."

"मग ठीक आहे. उठव आता मला, बूड गारठलं."

रिक्षा करून तिला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी औषध कमी केलं, उपाशीपोटी चालायचं नाही म्हणून दम भरला. हे डबा न घेताच कामावर गेले होते. फोनवर मी काय घडलं ते सांगितलं, तर म्हणाले, बरं झालं, घरात तुझं लक्ष नव्हतंच इतके महिने.

त्या दुपारी वाचनालयातून अर्धी रजा घेऊन मी आडवी झाले. कितीतरी महिन्यांनी मला कुणाशी मनातल्या मनात भांडायचं नव्हतं. अशी झोप लागली की संध्याकाळी मुलीने हलवून उठवलं आणि कपाळाला हात लावून ताप पाहिला.