नारू दिसायला वर्ष लागतं

अगं थांबा, चहा नक्को आत्ता, मला एका दमात सांगू द्या, नाहीतर फुटेन मी. दिगंबरराव ठाऊक ना तुम्हाला? नारायणगुड्याच्या शाळेत गणित शिकवतात, आमच्या प्रमिलाक्काचं लग्न ज्यांच्याशी ठरलंय ते? गेल्या वर्षी रझाकारांच्या धामधुमीत सोलापूरच्या कॅम्पात जाऊन निजामाविरुद्ध लढले, म्हणून अप्पांनी ऐकताक्षणी हो म्हटलं होतं. येत्या पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांचा सत्कारपण ठरलेला.

तर दहा दिवसांपूर्वी ते आमच्याकडं लंगडत आले. घोट्याशी हा एवढा फोड. अक्कानं पाय गार पाण्याच्या घमेल्यात ठेवायला लावला आणि बाई गं, फोड फुटला, आतून पांढऱ्या सुताचं टोक बाहेर! नारू! मी तर नाचायचीच बाकी. डाक्टरीच्या पुस्तकातलं चित्र परीक्षेसाठी पाठ करून करून मेले होते, इथं किडा जिवंत!

काडेपेटीतली काडी घेतली, टोक गुंडाळलं आणि तोंड सुरू. माझं तोंड म्हणजे तुम्हाला माहितीच आहे.

"ओढायचा नाही हं, तुटला तर पाय सडतो. रोज दोन बोटं गुंडाळायचा. आणि गंमत ऐका अप्पा, किडा अंगात शिरतो तेव्हापासून बाहेर त्याची खूण दिसेपर्यंतच्या काळाला आमच्यात प्रीपेटंट पिरियड म्हणतात. मलेरियाचा दिवसांत मोजायचा, नारूचा वर्ष! म्हणजे गेल्या जुलैत दिगंबररावांनी कुठल्यातरी पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी न गाळता प्यायलंय."

अप्पा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"गेल्या जुलैत हे कॅम्पात होते. तिथं नळ होता. नळावर रांगा लागायच्या, तुम्हीच सांगितलंत ना दिगंबरराव?"

दिगंबरराव घमेल्यात बघत बसले.

"रजनी, वर्ष म्हणजे नक्की वर्ष?"

तेव्हा कळलं गं, मी काय करून बसले ते. अक्का माझ्याकडं बघतेय. 'तीन वर्षंही लागतात' एवढं खोटं बोलले असते तर मिटलं असतं. जीभच वळेना.

"दहा महिने ते चौदा," मी बोलले.

अप्पा बोटांवर मोजायला लागले. मे, जून, जुलै...

"मोजू नका," दिगंबरराव बोलले. "मी कॅम्पात गेलोच नाही. बहिणीच्या गावी होतो, अंबाजोगाईकडं. म्हशी राखल्या. भ्यायलो होतो. पोलीस ॲक्शननंतर परत आलो, तर सिकंदराबादला त्याच गाडीतून कॅम्पवाले उतरत होते. लोकांनी त्यांच्याबरोबर माझ्याही गळ्यात हार घातला. मी काढला नाही."

"आणि त्या रांगा? तो नळ?" अप्पा उभेच राहिले. "उठा. निघा."

"निघतील कसे?" अक्का बोलली. "रिक्षात हिसका बसला तर तुटेल. किडा निघेपर्यंत इथंच राहतील, बाहेरच्या खोलीत."

"आणि निघाल्यावर?"

"ते तेव्हा सांगीन."

नऊ दिवस! मला ना वाचन ना झोप. अप्पा माझ्याशीही बोलेनात, "डाक्टरीण झाली, घर नासवलं" एवढंच येता-जाता. अक्का सकाळी खाली बसायची, दोन बोटं गुंडाळायची, उठायची. मी विचारलं, "अक्का, माझं चुकलं का गं?" तर, "काडी सरळ धर."

काल नारू पुरता निघाला. हातभर होता. अक्कानं हात धुतले आणि त्यांना बोलली, "लग्न करीन. पण सत्कार घ्यायचा नाही. आणि का नाही, तेही तुम्हीच सांगायचं."

अकरा वाजता ते रिक्षा करून शाळेत गेले. एक वाजला, दोन, चार. मी दारात जातेय, आत येतेय, परत दारात. अक्का तांदूळ निवडतेय, निवडलेलेच.

"पळाला," अप्पा बोलले. "सवय आहे त्याला."

साडेपाचला आले. उजवा हात काळाकुट्ट.

"हेडमास्तर बोलले, पत्रिका छापून झाल्या, गप्प बसा मास्तर, तुमचे पाय तपासायला कोण येतंय," दिगंबरराव दारातच उभं राहून सांगत होते. "मग मी गठ्ठा घेऊन बसलो. प्रत्येक पत्रिकेवरचं माझं नाव खोडलं. जो मास्तर येऊन विचारेल त्याला कारण सांगितलं. सगळ्यांनीच विचारलं."

"किती पत्रिका?" अप्पांनी विचारलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले, बरं का!

"दोनशे दहा."

अक्का उठली, त्यांचा हात उजेडात धरून बघितला.

"रजनी, लिंबू आण गं. ही शाई साबणानं जायची नाही."

मी आत पळाले, तर मागून अप्पा ओरडले, "दोन आण! एक सरबताला!"