होड्या बांधलेला दिवस

प्रभागरचनेच्या कच्च्या नकाशात आमच्या खाजणपाड्यावरून लाल रेघ गेली होती. कोलशेतच्या पुढचा नवा रस्ता हीच हद्द. धक्क्याची आळी एका प्रभागात, देवळाची दुसऱ्यात; दोन्हीकडे टॉवरवाल्यांचीच मतं जास्त, मग आम्हा कोळ्यांचं ऐकणार कोण? बाबांनी हरकत घेतली आणि सुनावणीच्या आधीच ते गेले. त्यांच्या जागी सुनावणीला मी उभी राहिले.

"मध्ये एवढा रुंद रस्ता आहे," अधिकारी म्हणाले. "दोन्ही आळ्या मिळून एकच वस्ती, हे कशावरून?"

रंगूमावशी मागून ओरडली, "सायब, माझं सासर हिकडं न् माहेर तिकडं. मना मधून कापता का?"

सगळे हसले. अधिकारीही. "मावशी, सोयरीक पार दिवा गावातही असते. त्यावरून प्रभाग पाडता येत नाही."

मी म्हणाले, "गावातलं कोणी गेलं की त्या दिवशी गावातली एकही होडी खाडीत जात नाही. शेजारच्या गावांच्या जातात. बाबा गेले ते भर हंगामात. आमचं घर देवळाच्या आळीत. धक्क्याच्या आळीतल्या सगळ्या होड्या बांधलेल्या राहिल्या. कोणी सांगायलाही गेलं नव्हतं."

 

"सगळ्या?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझी पन," सुदेशकाका उठला. धक्क्याच्या आळीतला, दर निवडणुकीत बाबांच्या विरोधात. "हिच्या बापाशी, दौलतशी, कैक वर्षं बोललो नाय मी. पन होडीत बर्फ भरलेला, तो उतरवला."

अधिकाऱ्यांनी नकाशा त्याच्याकडे वळवला. "कुठपर्यंतच्या होड्या थांबल्या?"

सुदेशकाकाने बोट ठेवलं. "हितपर्यंत. खाजणाच्या नाल्यापर्यंत. पलीकडच्या गेल्या."

अधिकाऱ्यांनी पेन्सिल उचलली.

अंतिम नकाशात रेघ रस्ता सोडून नाल्याच्या कडेने, आमच्या दोन्ही आळ्यांना वळसा घालून गेली. त्या संध्याकाळी देवळापासून बँजो निघाला. रंगूमावशी भर रस्त्यात नाचली. टॉवरच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या. "थांबा रे, आमचा गाव जातोय!" ती म्हणाली. एका गाडीतून एक बाई उतरली आणि चक्क नाचायला लागली.

धक्क्यावर सगळ्या होड्यांना पताका होत्या. बाबांचीही होडी सजवलेली होती. बाबा गेले त्या दिवसापासून ती सुटलीच नव्हती.

"भांडायला आता तुझा बाप नाय राहिला मना," म्हणत सुदेशकाका तिच्यात चढला आणि वल्हं घेऊन बसला. "सोड गं दोर."

मी सोडला.